अलिबाग ते लोद : ज्यू-अरब संघर्षाचा अभ्यास कुठून सुरू करायचा?

(कुरकुंभ इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आत येण्याआधी बाहेर चहा घेत होतो. शेजारी दोघांचं याच विषयावर चाललं होतं. एकाचं म्हणणं, इस्रायलसारखं वागलं पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, गाझातल्या लेकरांचं काय? चहा संपेपर्यंत गाझा मागे पडलं होतं आणि दोघं आपल्याच तालुक्यातल्या कुणाबद्दल तरी बोलत होते. आपल्याकडे हे नेहमी होतं. इस्रायल-पॅलेस्टाईन हा आपल्यासाठी बऱ्याचदा आरसा असतो. त्यात आपण आपलंच भांडण बघतो. वाद घालू नका असं मी म्हणणार नाही, पण आरसा आणि खिडकी यातला फरक कळला पाहिजे. आज खिडकी उघडायचा प्रयत्न करू.

साधारणपणे हा विषय जेरुसलेमपासून सुरू करतात. तीन धर्मांचं पवित्र शहर, हजारो वर्षांचं वैर वगैरे. तिथून सुरुवात केली की पहिल्याच पावलाला चूक होते, कारण हे हजारो वर्षांचं वैर नाही. हा सव्वाशे-दीडशे वर्षांचा, दोन राष्ट्रवादांचा, एकाच जमिनीवरचा संघर्ष आहे. धर्म त्यात आहे, भरपूर आहे, पण भांडण राज्य कुणाचं आणि जमीन कुणाची याचं आहे. म्हणून मी सुरुवात करणार आहे अलिबागपासून.

अलिबागला इस्रायल आळी आहे. तुमच्यापैकी कोकणात फिरायला गेलेल्यांनी ती पाटी पाहिली असेल. तिथे सिनेगॉग आहे. जवळच नवगाव, तिथे बेने इस्रायल समाजाची जुनी दफनभूमी. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी एक जहाज या किनाऱ्यावर फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश वाढला. या कथेचा काळ इतिहासकारांना नक्की करता आलेला नाही, पण हा समाज कित्येक शतकं कोकणात आहे यात शंका नाही. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. आडनावं तुमच्या-आमच्यासारखी : पेणकर, दिवेकर, किहीमकर, चेऊलकर. भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात तर बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करायचे. पुढे रेल्वे, पोस्ट, लष्कर, दवाखाने अशा नोकऱ्यांत शिरले आणि मुंबई-पुण्यात आले. मुंबईतला डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा आहे ते डॉ. एलिजा मोझेस याच समाजातले, मुंबईचे महापौर झाले होते.

आता अभ्यासाचा पहिला प्रश्न. युरोपात ज्यूंचा छळ झाला, तसा इथे झाला नाही. 1897 मध्ये बाझेलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरली. ज्यूंना स्वतःचं राष्ट्र पाहिजे, ही मागणी तिथे संघटितपणे पुढे आली. मुंबईच्या बेने इस्रायलांनाही बोलावणं होतं. त्यांनी नम्रपणे नकार कळवला. भूमिका साधारण अशी, की परत जायचंच असेल तर ते देवाच्या हाताने होईल, माणसांच्या ठरावाने नाही. आणि याच समाजातले बहुतेक लोक 1948 नंतरच्या दोन पिढ्यांत इस्रायलला गेले. 1951 च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून सव्वीस हजारांवर ज्यू होते. 2011 मध्ये पाच हजारांच्याही आत. मग पन्नास वर्षांत काय बदललं?

कुणी एक कारण सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचं काय होणार ही धाकधूक होती. फाळणी डोळ्यांसमोर होती. आधी गेलेले नातेवाईक पत्रं पाठवत होते. रोजच्या प्रार्थनेत जेरुसलेमचं नाव होतंच. आणि तोपर्यंत एक नवी कल्पना येऊन पोहोचली होती, की आपण एका समाजापुरते नाही, एका राष्ट्राचे आहोत. 1920 मध्ये मुंबईत झायोनिस्ट असोसिएशन निघाली होती. राष्ट्र ही गोष्ट रक्तात नसते, ती शिकावी लागते, आणि शिकल्याची तारीख सापडते. बेने इस्रायलांच्या बाबतीत ती तारीख आपल्याला जवळजवळ बोटावर मोजता येते, म्हणून ते उदाहरण मला मोलाचं वाटतं.

हे फक्त ज्यूंना लागू करून थांबलो तर तो लबाडपणा होईल. पॅलेस्टाईनचे अरबसुद्धा 1880 च्या सुमारास स्वतःला ओटोमन प्रजा, अमुक गावचे, अमुक घराण्याचे, मुसलमान किंवा ख्रिस्ती म्हणवत होते. पॅलेस्टिनी ही राष्ट्रीय ओळख विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडत गेली. याफा शहरात 1911 मध्ये ‘फलस्तीन’ नावाचंच वर्तमानपत्र निघालं. काही लोक म्हणतात, पॅलेस्टिनी राष्ट्र नंतर ‘बनवलेलं’ आहे. बरोबर. ज्यू राष्ट्रही तसंच बनलेलं आहे, आणि आपलंही. बनवलेलं असलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

जमिनीचं मात्र नीट समजून घेऊ, कारण आपण शेतकऱ्यांच्या मुलखात बसलोय आणि इथे सातबारा सगळ्यांना कळतो. ओटोमन सरकारने 1858 मध्ये जमिनीचा कायदा केला, नोंदणी सुरू केली. नोंदणी म्हणजे कर आणि सैन्यभरती, या भीतीने बऱ्याच कसणाऱ्यांनी जमीन आपल्या नावावर केली नाही. ती शहरातल्या सावकार-व्यापाऱ्यांच्या नावावर गेली. पुढे बैरुतच्या सुरसुक घराण्यासारख्या मालकांनी मोठमोठे पट्टे ज्यू संस्थांना विकले. खरेदीखत पक्कं, पैसे चोख. पण पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळाचं काय? त्याला उठावं लागलं. आपल्याकडे 1948 चा कुळकायदा याच प्रश्नावर आला, कागदावरचा मालक खरा की कसणारा खरा? त्यामुळे ‘ज्यूंनी जमीन विकत घेतली’ हे वाक्य खरं आहे आणि ‘अरब शेतकरी जमिनीवरून उठवले गेले’ हेही खरं आहे. आणि तरीसुद्धा 1947 पर्यंत ज्यूंच्या मालकीची जमीन एकूण जमिनीच्या सहा-सात टक्क्यांच्या आसपासच होती. बाकीचं हस्तांतर खरेदीखताने झालेलं नाही, ते युद्धाने झालं.

मधली वर्षं मी भरभर सांगतो. 1917 मध्ये बाल्फोर यांनी ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’ देऊ असं जाहीर केलं, तेव्हा तिथे दहात नऊ लोक अरब होते आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग ब्रिटिश मँडेट. 1929 च्या दंगली. 1936 ते 39 अरबांचा उठाव, जो इंग्रजांनी चिरडला. 1937 मध्ये पील कमिशनने पहिल्यांदा फाळणी सुचवली. 1939 च्या श्वेतपत्रिकेने ज्यूंचं येणं पाच वर्षांत पंचाहत्तर हजारांवर आणून ठेवलं, नेमकं तेव्हा जेव्हा युरोपात त्यांच्यासाठी सगळी दारं बंद होत होती. पुढे साठ लाख ज्यू मारले गेले. हे बाजूला ठेवून 1948 समजत नाही. ज्या माणसाला जगात कुठलंच बंदर उतरू देत नाही, त्याला राज्य का हवं असतं हे त्याच्या जागी उभं राहून बघावं लागतं.

आपण यात कुठे होतो? वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजींनी नोव्हेंबर 1938 मध्ये ‘हरिजन’साठी या प्रश्नावर लेख लिहिला. ज्यूंबद्दल पूर्ण सहानुभूती, पण पॅलेस्टाईन अरबांचं आहे, तिथे बंदुकीच्या आधाराने राष्ट्र उभं करणं चूक. आणि जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, असा त्याचा मथितार्थ. जर्मनीहून नुकतेच जेरुसलेमला आलेले तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी त्यांना लांबलचक उत्तर लिहिलं. हिटलरपुढे सत्याग्रह कसा चालेल, हा त्यांचा सवाल होता. गंमत अशी की बुबर स्वतः अरबांबरोबर एकाच राज्यात राहण्याच्या बाजूचे होते. मला विचाराल तर जर्मनीबद्दलचा गांधीजींचा सल्ला चुकला आणि पॅलेस्टाईनबद्दलचं निदान बरंचसं बरोबर निघालं. एकाच लेखात दोन्ही असू शकतं.

29 नोव्हेंबर 1947 ला संयुक्त राष्ट्रसंघात फाळणीचा ठराव 33 विरुद्ध 13 मतांनी मंजूर झाला. भारताने विरोधात मत दिलं. त्याआधीच्या समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी फाळणीऐवजी एक संघराज्य, त्यात दोन स्वायत्त भाग, अशी योजना मांडली होती. पुढच्या महिन्यात सावरकरांनी पत्रक काढून भारताच्या मतावर टीका केली आणि ज्यू राज्याच्या कल्पनेचं स्वागत केलं. म्हणजे त्या काळी मराठी मुलखातूनच दोन टोकाच्या भूमिका निघाल्या होत्या, आणि दोन्हींमागे पॅलेस्टाईनपेक्षा आपली फाळणी जास्त होती. तो बाहेरचा चहावाला वाद तेव्हापासूनचा आहे!

ठरावातल्या नकाशात ज्यू राज्याला पंचावन्न टक्क्यांच्या आसपास जमीन होती, लोकसंख्येत ते एक तृतीयांश होते. अरबांनी ठराव नाकारला. युद्ध झालं. या युद्धाला इस्रायली म्हणतात स्वातंत्र्ययुद्ध, पॅलेस्टिनी म्हणतात नकबा, म्हणजे महासंकट. सुमारे सात लाख अरब निर्वासित झाले.

दोन नावांनी गोंधळू नका, आपल्याला याची सवय आहे. हा बाहेरचा हायवे सोलापूरवरून हैदराबादला जातो. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्य सोलापूरकडूनच नळदुर्गच्या बाजूने निजामाच्या राज्यात शिरलं. पाच दिवसांत काम झालं. त्याला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम म्हणतात, सरकारी भाषेत पोलीस अॅक्शन, आणि हैदराबादच्या उर्दूत अनेक जण त्याला ‘सुकूत’ म्हणतात, म्हणजे पाडाव. रझाकारांचे अत्याचार खरे होते. त्यानंतर मुसलमानांवर जे झालं तेही खरं होतं. त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल मात्र कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. तिकडेही तसंच. आधी सांगितलं जायचं की अरब आपल्या नेत्यांच्या सांगण्यावरून निघून गेले. 1980 च्या दशकात इस्रायलची कागदपत्रं खुली झाली, बेनी मॉरिससारख्या इस्रायली इतिहासकारांनी ती वाचली, आणि चित्र बदललं : काही घाबरून गेले, काही लढाईतून पळाले, आणि अनेक ठिकाणी लोकांना हाकलण्यात आलं. अरब देशांची दप्तरं मात्र आजही बहुतांश बंद आहेत. त्यामुळे आपल्याकडे असलेला इतिहास एका डोळ्याने जास्त बघतो, हे अभ्यास करताना लक्षात ठेवा.

आता लोद. तेल अवीवच्या विमानतळाला लागून असलेलं शहर, अरबीत अल-लिद्द. शेजारी रामला. ठरावाच्या नकाशात ही दोन्ही शहरं अरब राज्यात होती. जुलै 1948 मध्ये इस्रायली फौजांनी ती घेतली आणि पन्नास हजारांहून अधिक लोकांना बाहेर काढलं. उन्हाळ्याच्या भर उन्हात पायी निघालेल्या लोदच्या लोकांपैकी कित्येक वाटेत मेले. त्या मोहिमेत असलेले यित्झाक राबिन पुढे पंतप्रधान झाले. त्यांच्या आत्मचरित्रातला या हकालपट्टीबद्दलचा मजकूर 1979 मध्ये सेन्सॉरने छापू दिला नाही. तो बाहेर आला तो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रातून.

आणि या लोदमध्ये, रामल्यात आणि तिकडे दक्षिणेत बीरशेबात (तेही नकाशात अरब राज्यातच होतं) पुढे कोण कोण येऊन राहिलं? युरोपच्या छावण्यांतून वाचलेले आले. इराकमधून आले, जिथे 1941 मध्ये बगदादला ज्यूंची कत्तल झाली होती आणि 1950-51 मध्ये लाखाच्या वर लोकांना घरदार सोडून यावं लागलं. मोरोक्कोतून आले. आणि अलिबाग, पनवेल, मुंबई, पुण्यातून आपले पेणकर, दिवेकर आले.

इथे थांबून दोन कायदे शेजारी ठेवू. डिसेंबर 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या 194 क्रमांकाच्या ठरावाने म्हटलं की शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना घरी परतू द्यावं. ते झालं नाही. जुलै 1950 मध्ये इस्रायलने ‘परतण्याचा कायदा’ केला : जगातला कुठलाही ज्यू इथे येऊन नागरिक होऊ शकतो. त्याच वर्षी ‘गैरहजर मालकांच्या मालमत्तेचा’ कायदा झाला. आपल्याकडेही 1950 मध्येच निर्वासितांच्या मालमत्तेचा कायदा झाला होता, उल्हासनगरच्या कॅम्पात राहिलेल्या सिंधी कुटुंबांना विचारा. परिणाम असा, की ज्याने लोद कधी पाहिलं नव्हतं तो अलिबागकर लोदला ‘परतू’ शकत होता आणि दोन वर्षांपूर्वी लोदहून निघालेली बाई परतू शकत नव्हती. या एका वाक्यात मला हा सगळा संघर्ष दिसतो. यात अलिबागकराचा गुन्हा नाही. त्याने कुणाला हाकललं नव्हतं. पण त्याला मिळालेल्या जागेला आधीचा इतिहास होता.

त्याचं तिथे सुखाचं झालं असंही नाही. बीरशेबात राहिलेल्या काही बेने इस्रायल कुटुंबांनी रंगावरून भेदभाव होतो अशी तक्रार केली, तेल अवीवमध्ये ज्यूइश एजन्सीच्या दारात ठिय्या दिला, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले. सत्याग्रहाच्या देशातून आलेली माणसं! 1952 मध्ये शंभराहून अधिक जणांना खरंच परत आणण्यात आलं. त्यातले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला जायची परवानगी मागू लागले. मग 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा, ते पक्के ज्यू आहेत का बघा. समाज पेटला. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरलं. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला मजकूर बदलावा लागला.

हे सांगताना समाजाला अगदी सोवळं ठरवू नये. बेने इस्रायलांमध्येच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद होते, रोटीबेटी नव्हती. आणि बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू या मराठी ज्यूंना प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत मोजायला कां-कू करायचे. पुण्यात आजही कॅम्पातलं ससूनांचं लाल देऊळ वेगळं आणि रास्ता पेठेतलं बेने इस्रायलांचं सिनेगॉग वेगळं. राष्ट्र एक म्हटलं तरी आत उतरंड असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

भारताने इस्रायलला मान्यता 1950 मध्ये दिली, 1953 मध्ये मुंबईत वकिलात उघडली, पण पूर्ण राजनैतिक संबंध आले थेट जानेवारी 1992 मध्ये. मधली जवळजवळ चाळीस वर्षं इस्रायलचं भारतातलं एकमेव कार्यालय मुंबईत होतं. दिल्लीत अरबांची बाजू घेतली जात होती आणि मुंबईत मराठी ज्यूंचे प्रवासाचे कागद तयार होत होते. 1974 मध्ये आपण पीएलओला मान्यता दिली, 1988 मध्ये पॅलेस्टाईन राज्याला. ठिबकचे दौरे आणि संरक्षण खरेदी ही नंतरची गोष्ट. आपल्या द्राक्ष आणि उसाच्या पट्ट्यात इस्रायल म्हणजे ठिबक एवढंच माहीत असतं, त्यात वाईट काही नाही, पण ते पुरत नाही.

लोद पुन्हा बातमीत आलं मे 2021 मध्ये. तिथे आज ज्यू आणि अरब दोघंही राहतात. गाझात लढाई सुरू झाली आणि लोदच्या रस्त्यांवर शेजाऱ्याने शेजाऱ्याची घरं जाळली. आणीबाणी लावावी लागली. एक अरब तरुण गोळीने मेला, एक ज्यू माणूस दगडाने. त्या ज्यू माणसाची किडनी त्याच्या घरच्यांनी दान केली, ती जेरुसलेमच्या एका अरब बाईला बसवली.

प्रश्न : सर, एवढं ऐकलं, पण बरोबर कोण?

हा प्रश्न एवढा मोठा ठेवला की उत्तर घोषणाच येते. त्याचे तुकडे करा. कुठलं वर्ष, कुणाचा निर्णय, त्याच्यापुढे दुसरा मार्ग होता का? 1939 मध्ये ज्यूंना बंदरं नाकारणं चूक होतं. 1948 मध्ये लोदची माणसं हाकलणं आणि त्यांना परत न येऊ देणं चूक होतं. बगदादच्या ज्यूला हुसकावणं चूक होतं. 1967 पासून वेस्ट बँकेत दुसऱ्याच्या जमिनीवर वसाहती बांधणं चूक आहे. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, तो गुन्हा आहे. त्यानंतर गाझात हजारोंनी बायकापोरं मारली गेली, अन्नपाणी रोखलं गेलं, तोही गुन्हा आहे. एकाने दुसरा फिटत नाही. मी तोल सांभाळायला म्हणून हे सांगत नाही. 1948 पासून आजवर ताकद कुणाच्या हातात जास्त आहे ते उघड आहे आणि जबाबदारीही त्या प्रमाणात येते.

प्रश्न : तिकडे गेलेले मराठी ज्यू आता कुणाच्या बाजूचे?

ते इस्रायलचे नागरिक आहेत. मुलं सैन्यात जातात, मतं वेगवेगळ्या पक्षांना देतात, बहुतेकांना आपल्या देशाची काळजी आधी वाटते. यात नवल नाही. पण घरात मलिदा होतो, पोहे होतात, लोद-रामल्यात भारतीय किराणा मिळतो. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलंय. इकडे महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर मोजायला थोडेच उरले होते. आमच्या ओळखीच्या एक वृद्ध बाई लोदहून अलिबागला आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, तुमच्या घरात आधी कोण राहायचं, माहीत आहे का? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आम्ही गेलो तेव्हा अंगणात लिंबाचं झाड होतं. चांगलं मोठं. आम्ही लावलेलं नव्हतं.”